गोष्टीतली माणसे आणि चौथीचा वर्ग

(साने गुरुजींच्या स्मृतीनिमित्त चंद्रपूर येथे दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



साने गुरुजींच्या नावाने भरलेल्या सभेत बोलायला विषयांची वानवा नाही. स्वातंत्र्यलढा आहे, पंढरपूरचे उपोषण आहे, आंतरभारतीचे स्वप्न आहे. पण गुरुजी आधी शिक्षक होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 ही वर्षे त्यांनी मुलांत काढली. पुढे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेले ‘श्यामची आई’ हे सर्वांत गाजलेले पुस्तकही मुळात एकाने आपल्या सोबत्यांना रात्री-रात्री सांगितलेली गोष्ट आहे. म्हणून आज मी वर्गातलाच एक प्रश्न घेतो. तिसरी-चौथी-पाचवीच्या मुलांना कादंबरीतली माणसे कशी कळतात, आणि ती कळावीत म्हणून आपण शाळेत काय करतो? विषय लहान वाटेल. मला तो लहान वाटत नाही. कागदावरच्या माणसाच्या मनात काय चालले असेल याचा विचार करायला जे मूल शिकते, ते उद्या अर्ज वाचताना, करारनामा वाचताना, निवडणुकीचे भाषण ऐकताना समोरच्याला नेमके काय हवे आहे हेही विचारते. मेंढा (लेखा) सारख्या गावाने ज्या गडचिरोली जिल्ह्यात 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला, जिथे ग्रामसभेत बसून सरकारी कागदाचा अर्थ लावावा लागतो, तिथे या क्षमतेचे मोल मी वेगळे सांगायला नको.

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो, म्हणजे पुढे मी कुठे घसरलो तर तुम्हाला पकडता येईल. पात्र समजणे म्हणजे त्या माणसाला त्या घटकेला काय माहीत आहे, काय हवे आहे, कशाची भीती आहे आणि म्हणून तो काय करतो, हे ओळखणे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या झाडीपट्टीतले, आपल्या जंगलपट्ट्यातले मूल ही ओळख घेऊनच शाळेत येते. शाळा मात्र ती ओळख उंबरठ्याबाहेर ठेवायला लावते, आणि आत आल्यावर त्याच्या हातात विशेषणांची यादी देते.

ही यादी तुमच्या चांगल्या परिचयाची आहे. पाठ संपला की फळ्यावर प्रश्न येतो: अमुक पात्राची स्वभाववैशिष्ट्ये लिहा. उत्तरही ठरलेले असते. प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक, दयाळू. मुले ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण पदरात पडतात. आता मला सांगा, या चार शब्दांवरून तुम्हाला कोणते पात्र ओळखता येते? श्यामची आई ओळखता येते? पाठ्यपुस्तकातली कुठलीही आई, कुठलीही आजी, कुठलेही गुरुजी या चार शब्दांत बसतात. जे वर्णन सगळ्यांना लागू पडते ते कोणाचेच वर्णन नसते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की हे उत्तर लिहायला पाठ वाचावाच लागत नाही. यात शिक्षकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. तपासायला सोपा, भांडणाला जागा न ठेवणारा प्रश्न व्यवस्थेला हवा असतो आणि तोच प्रश्नपत्रिकेत येतो. गंमत अशी, की त्याच प्रश्नपत्रिकेत दुसरा एक जुना प्रश्न आहे, ज्याच्याकडे आपण फार हलक्या नजरेने पाहतो: कोण कोणास म्हणाले? या प्रश्नाला पुढे दोन शब्द जोडा. कोण कोणास म्हणाले, का म्हणाले? आणखी एक प्रश्न जोडा. ऐकणाऱ्याला त्यातले काय ठाऊक नव्हते? एवढे केले की विशेषणांची यादी निरुपयोगी ठरते आणि मुलाला परत गोष्टीत शिरावे लागते.

कोणी म्हणेल, आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा फार मोठी आहे. मनातले मन ओळखणे हे मोठ्यांनाही जमत नाही. या आक्षेपाला उत्तर द्यायला एक प्रसिद्ध प्रयोग आठवतो. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग येथे हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली तो प्रसिद्ध केला. लहान मुलांना बाहुल्यांचा एक छोटा खेळ दाखवायचा. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते चॉकलेट दुसऱ्या कपाटात हलवते. माक्सी परत येतो. तो चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांचे मूल बहुधा नव्या कपाटाकडे बोट दाखवते, कारण चॉकलेट तिथे आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असते. पाच-सहा वर्षांचे मूल साधारणपणे जुन्या कपाटाकडे बोट दाखवते. मला माहीत आहे ते माक्सीला माहीत नाही, हे त्याला कळलेले असते. म्हणजे मूल पहिलीत दाखल होते तेव्हाच कादंबरी समजायला लागणारी मूळ पुंजी त्याच्याजवळ असते. मग चौथीपर्यंत आपण त्या पुंजीचे काय करतो?

आणि आपल्या भागातल्या मुलांची पुंजी तर यापेक्षा मोठी आहे. धान कापून घरात आले, दिवाळी उलटली, की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. रात्रभर नाटक चालते. पुढच्या रांगेत, शाल-चादरी गुंडाळून, डोळे ताणून बसलेली असतात ती हीच मुले, जी सकाळी वर्गात पात्राच्या स्वभावाविषयी एक वाक्य बोलत नाहीत. झाडीपट्टीच्या नाटकात काय घडते ते आठवा. धाकटा भाऊ सहीसाठी कागद पुढे करतो. थोरला विश्वासाने सही करतो. त्या कागदात काय आहे हे थोरल्याला ठाऊक नाही. मंडपातल्या साऱ्या प्रेक्षकांना ठाऊक आहे. मंडपात जी चुळबुळ होते, बाया हळहळतात, पोरे ओरडून सांगू पाहतात, ती चुळबुळ म्हणजे पात्राचे आकलनच आहे. कोणाला काय माहीत, कोणापासून काय लपले, लपवणाऱ्याला काय हवे: हे सगळे त्या मुलाने पकडले आहे. नकलाकार हसवता-हसवता खलनायकाचे बिंग फोडतो तेही त्याने पकडले आहे. या रंगभूमीची साऱ्या देशाने दखल घेतली. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. तिच्या प्रेक्षकांत बसलेल्या मुलांच्या समजुतीची दखल आपली शाळा कधी घेणार? दंडार, खडी गंमत, माडिया-गोंड घरांत रात्री शेकोटीशी चालणाऱ्या कथा, यांचे श्रोतेही हीच मुले आहेत.

तरीही वर्गात ती गप्प का? माझ्या मते याचे एक कारण शाळेने ठरवलेल्या क्रमात आहे. आधी अक्षर, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत मुलाची पातळी याच पायऱ्यांनी मोजतात, आणि मोजायला ते योग्यच आहे, मूल कुठे अडले हे त्याशिवाय कळणार नाही. पण मोजण्याचा क्रम हाच शिकवण्याचा क्रम झाला की घात होतो. मूल अजून परिच्छेदावर अडखळते आहे, मग गोष्टीतल्या माणसांविषयी त्याच्याशी काय बोलायचे, असे आपण धरून चालतो. वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 पासून एक साधी मांडणी केली आहे, आणि तिचा पाया आजवर मोठ्या प्रमाणात टिकून आहे. वाचून समजणे हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरे उलगडता येणे आणि ऐकलेली भाषा समजणे. गुणाकार, बेरीज नव्हे. यातली एक शून्य असेल तर उत्तर शून्य. आपण चार वर्षे पहिल्यावर घाम गाळतो आणि दुसरी तोवर वाळू देतो. मूल पाचवीत अस्खलित वाचू लागते तेव्हा आपल्याला कळते की ते वाचते छान, पण त्याला सांगता काहीच येत नाही.

यावर उपाय जुना आहे आणि फुकट आहे. शिक्षकाने वर्गाला एक संपूर्ण कादंबरी मोठ्याने वाचून दाखवावी, रोज थोडी, आठवडेच्या आठवडे. अक्षरओळखीचा, शब्दवाचनाचा तास कमी करून नव्हे. तो तितक्याच नेटाने चालू द्यावा. ज्याला स्वतः वाचता येत नाही ते मूल कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहते, आणि तसे कोणीही राहू नये. पण पाय बळकट होईपर्यंत मुलाला दूरचे दिसूच द्यायचे नाही, हा कुठला न्याय? मोठ्याने वाचलेल्या गोष्टीत जो विचार ते आज करते, तोच विचार उद्या स्वतः वाचताना त्याच्या मदतीला येतो.

आता प्रत्यक्ष पुस्तकाकडे येऊ. ‘श्यामची आई’ 1935 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 42 रात्री आहेत. म्हणजे ही कादंबरी रोज एक तुकडा ऐकण्यासाठीच रचलेली आहे. वर्गात मोठ्याने वाचायला याहून सोयीचे बांधकाम शोधून सापडणार नाही. आणि तरीही या पुस्तकाचे आपण फार नुकसान केले आहे. प्रत्येक रात्रीचे तात्पर्य काढून ते भिंतीवर लावले. आई म्हणजे संस्कार, आई म्हणजे त्याग. मूर्तीपुढे मूल हात जोडते. मूर्तीला प्रश्न विचारत नाही.

अळणी भाजीचा प्रसंग घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवायला बसतात, पहिल्या घासालाच त्यांच्या ते लक्षात येते, पण ते अवाक्षर काढत नाहीत, उलट भाजी चांगली झाली म्हणतात. त्यांच्याकडे पाहून मुलेही मुकाट जेवतात. शेवटी आई जेवायला बसते आणि मग तिला कळते. तिला वाईट वाटते: कोणी सांगितले का नाही? सारा प्रसंग दोन-तीन पानांचा. आता वर्गाला विचारा. पहिला घास घेतल्यावर वडिलांना काय कळले? आईला ते कधी कळले? मधल्या वेळात कोणाला काय ठाऊक होते? हा माक्सीच्या कपाटाचाच खेळ आहे, फक्त इथे चॉकलेटच्या जागी माणसाचा मान आहे. मग पुढचा प्रश्न. वडील खोटे बोलले का? वर्ग इथे दुभंगेल, आणि दुभंगू द्यावा. काही मुले म्हणतील, खोटे ते खोटेच. काही म्हणतील, ती चुलीपाशी राबत होती, तिला तेव्हाच सांगून काय मिळाले असते? एखादे मूल म्हणेल, पण आईला नंतर जास्त वाईट वाटले, कारण सगळ्यांनी लपवले. एखादी मुलगी विचारेल: आई शेवटी काहून जेवते? पुस्तकात हा प्रश्न विचारलेला नाही. पण प्रसंगाचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे. आई सर्वांबरोबर जेवली असती तर गोष्ट घडलीच नसती. त्या मुलीने पात्राच्या स्वभावापलीकडे जाऊन पात्राची जागा पाहिली, घरातली रीत पाहिली. हे स्वभाववैशिष्ट्यांच्या कुठल्या रकान्यात मावेल?

दुसरा प्रसंग याहून अवघड आहे, आणि तो टाळू नये असे मी आग्रहाने म्हणेन. एका म्हाताऱ्या महार बाईला लाकडांची मोळी डोक्यावर घेता येत नाही. श्यामची आई श्यामला तिची मोळी उचलून द्यायला पाठवते. त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण घरात ही लहान गोष्ट नव्हती. लोक बोलणार हे तिला ठाऊक होते. आणि तीच आई श्यामला सांगते, घरी येऊन आंघोळ कर. मोळी वाहणारी बाई आपल्या मुलांनी पाहिलेली आहे. कदाचित ती त्यांची आजी असेल. वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांना पहिला प्रश्न हाच पडेल: मदत केली ती चांगली, पण मग आंघोळ का? आई मूर्ती असेल तर या प्रश्नाला वर्गात जागा नाही. शिक्षक घाईने पान उलटतील. आई पात्र असेल तर यातूनच ती उभी राहते. तिला त्या बाईची कणव आहे. तिला देवाची भीती आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची, रूढीची पकड तिच्यावर आहे. ती त्या पकडीतून एक हात सोडवते, दुसरा नाही. चौथीचे मूल हे समजू शकते. किंबहुना ज्या घरांना अशी आंघोळ सोसावी लागली त्या घरातले मूल ते आपल्यापेक्षा चटकन समजेल. आणि पुढे मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी उपोषणाला बसले, हेही त्याला सांगा. ज्या लेखकाने आईवर इतके प्रेम केले, त्याने ती आंघोळही पुस्तकात ठेवली, झाकली नाही. पात्र लिहिण्यातला प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.

इथे एक जुना आक्षेप डोके वर काढतो. मुलांना अशी दोन्ही बाजूंनी माणसे पाहायला शिकवले तर चांगले-वाईट यातला भेदच त्यांच्या मनातून पुसला जाईल. समजून घेणे म्हणजे माफ करणे, असा अर्थ ती काढतील. मला हा आक्षेप हलका वाटत नाही. शिक्षकाला मुलांच्या नीतीची काळजी असलीच पाहिजे. पण मोळीचाच प्रसंग पाहा. आई तशी का वागली हे कळल्यावर मुलाचे मत मवाळ होते का? उलट, अस्पृश्यता भल्या माणसाकडूनही काय करवून घेते हे त्याला पहिल्यांदा कळते. दुष्ट माणसाने केलेला अन्याय ओळखणे सोपे असते. भल्या माणसाच्या हातून घडणारा अन्याय ओळखायला पात्र कळावे लागते. तात्पर्य आधी सांगून टाकणारा वर्ग मुलाला हे कधीच शिकवू शकणार नाही.

यासाठी कादंबरीच कशाला, दोन पानांचा पाठ पुरणार नाही का, असे विचारले जाईल. माझे उत्तर: काही गोष्टींना पुरेल, बदलाला पुरणार नाही. छोट्या पाठात माणूस एका प्रसंगात दिसतो. कादंबरीत तो बदलतो, आणि त्याच्याविषयीचे आपले मतही बदलावे लागते. काल लिहिलेले मत आज खोडावे लागणे, हा वाचनातला फार मोठा अनुभव आहे, आणि दोन पानांत तो येत नाही. यासाठी पाचवीच्या मुलांना, वर्षाच्या उत्तरार्धात, ‘पाडस’ निवडून-निवडून वाचून दाखवावी असे मी सुचवतो. मार्जोरी रॉलिंग्ज यांची ही 1938 सालची अमेरिकन कादंबरी राम पटवर्धनांनी अशा मराठीत आणली आहे, की ती आपल्या रानातलीच वाटावी. फ्लोरिडाच्या झाडोऱ्यातले एक गरीब शेतकरी घर. बापाला विषारी साप चावतो. विष ओढून घ्यायला तो एक हरिणी मारून तिचे काळीज जखमेवर लावतो, आणि वाचतो. त्या हरिणीचे पोरके पाडस मुलगा घरी आणतो, जीव लावून वाढवतो. पाडस मोठे होते आणि मक्याचे कोवळे कोंब खाऊ लागते. मुलगा पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो. पाडस कुंपण ओलांडते. बाप अंथरुणाला खिळलेला. अखेर पाडसाला मारायचा निर्णय घरातच होतो, आणि शेवटची गोळी मुलालाच घालावी लागते.

या कादंबरीत खलनायक कोण? वर्गाला विचारून पाहा. बाप? त्याच्या जिवाची किंमत त्या हरिणीने दिली, हे तोही विसरत नाही. आई? तिला वर्षभराचे अन्न डोळ्यांसमोर जाताना दिसते. पाडस? त्याला कुंपण म्हणजे काय हे ठाऊक नाही. फ्लोरिडा आमच्या मुलांना परका, असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो: रानडुकरांनी एका रात्रीत धानाची बांधी लोळवली तर सकाळी घरात काय होते, हे ज्याने पाहिले आहे, बाप जागलीला गेला की घर रात्रभर कान देऊन झोपते हे ज्याला ठाऊक आहे, ताडोबाच्या काठच्या गावात शाळेला जाताना घोळक्याने जा असे ज्याला रोज बजावले जाते, त्याला ही कादंबरी परकी? पुण्या-मुंबईच्या मुलाला त्या आईचा राग येईल. आपल्या मुलाला राग येईल, आणि ती आई कळेलही. आपल्या मुलांसाठी फक्त आपल्या भागातल्याच गोष्टी हव्यात हा आग्रह मला अर्धा मान्य आहे. माडिया, गोंड किंवा झाडीपट्टीतले मूल नायक असलेली कादंबरी मुलांच्या हाती सहज पडायला हवी. विलास मनोहरांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ लिहून या मातीतली माणसे मोठ्यांच्या कादंबरीत आणली. मुलांसाठी असे लिहिणारे आता याच जिल्ह्यांतून यावेत. पण तोवर, आणि त्यानंतरही, दूरच्या माणसात स्वतःचे घर ओळखण्याचा हक्क आपल्या मुलांपासून काढून घेऊ नका.

एक सावधगिरी मात्र हवी, आणि ती मी मनापासून सांगतो. चर्चा रंगली की शिक्षकाच्या तोंडी सहज येते: तुझ्या घरी असे कधी झाले का? हा प्रश्न विचारू नका. या वर्गात वाघाने नेलेल्या माणसाचे मूल बसलेले असू शकते. दारूने मोडलेल्या घरातले असू शकते. बंदुकीच्या दोन्ही बाजूंचे भय पाहिलेले असू शकते. गोष्टीतल्या माणसाचा मोठा उपकार हा, की त्याच्याविषयी बोलताना मुलाला स्वतःला उघडे करावे लागत नाही. ‘पाडस’मधल्या बापाविषयी ते जे बोलेल त्यात त्याच्या बापाविषयीचे बरेच काही असेल. ते तसेच राहू द्यावे, उकरून काढू नये.

भाषेचा आक्षेप सर्वांत खरा आहे. भामरागड, एटापल्लीकडे घरची भाषा माडिया किंवा गोंडी. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी कानावर पडते, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली. झाडीबोली बोलणाऱ्या मुलालाही पुस्तकातली मराठी काही पावले दूरच असते. मग प्रमाण मराठीतली कादंबरी कशी कळणार? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतः काढली, याचा अर्थ गाव हा प्रश्न आपल्याआधी विचारत होते. मला वाटते, पुस्तक मराठीत वाचावे. बोलू मात्र मुलांना आपल्या भाषेत द्यावे. दर पानाला थांबून एखाद्या मोठ्या मुलाला वर्गाच्या भाषेत सांगायला लावावे. चर्चा माडियात झाली तर होऊ द्यावी. शिक्षकाला ती कळत नसेल तर मुलेच त्यांना समजावतील, आणि तेवढा वेळ शिकवणारा-शिकणारा यांची अदलाबदल झाली तर बिघडत नाही. मूल मराठीत गप्प आहे म्हणजे त्याला पात्र कळले नाही, हा निष्कर्ष आपण रोज काढतो. या जिल्ह्यांतल्या वर्गांत त्याहून चुकीचा निष्कर्ष मला माहीत नाही.

वेळेचे सांगायचे तर शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 कामाचे दिवस ठरवले आहेत. रोजची पंधरा मिनिटे काढली तर 42 रात्री एका सत्रात आरामात संपतात. दोन शिक्षकी शाळा, एकाच खोलीत चार इयत्ता, ही अडचण मला ठाऊक आहे. पण मोठ्याने वाचन हा असा एक तास आहे की जो चारही इयत्तांना एकत्र चालतो. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहू लागले आणि भामरागडचा रस्ता तुटला, वरून काहीच यायचे बंद झाले, तरी एक पुस्तक आणि एक वाचणारा एवढ्यावर हा तास चालू राहतो.

शेवटी गुणांचा प्रश्न. हे सगळे खरे, पण तपासायचे कसे? तुमच्यातल्या अनेकांच्या मनात हेच असेल. समजा प्रश्न आहे: वडिलांनी अळणी भाजीला चांगली का म्हटले? एक मूल सुवाच्य अक्षरात, शुद्ध मराठीत लिहिते: कारण ते प्रेमळ होते. दुसरे मोडक्या मराठीत, निम्मे शब्द झाडीबोलीतले वापरून लिहिते: आई अजून जेवली नव्हती, तेव्हा सांगितलं असतं तर ती त्या रात्री जेवलीच नसती. पहिल्या उत्तराचे चारही शब्द पुस्तक न उघडता लिहिता येतात. दुसऱ्यात मुलाने प्रसंगाचा क्रम पाहिला, वडिलांना काय ठाऊक होते ते पाहिले, आईच्या मनाचा अंदाज बांधला आणि त्यावरून वडिलांचा हेतू काढला. आज आपल्या उत्तरपत्रिकांत पूर्ण गुण पहिल्याला जातात आणि दुसऱ्याच्या उत्तराखाली लाल रेघा येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांकडे आणि इथे बसलेल्या केंद्रप्रमुखांकडे माझी मागणी एवढीच आहे: येत्या सत्र परीक्षेत चौथी-पाचवीच्या मराठीच्या पेपरात ऐकलेल्या कादंबरीवरचा असा एक प्रश्न ठेवा, उत्तर कोणत्याही बोलीत चालेल असे प्रश्नाखालीच छापा, आणि गुण देताना फक्त एक पाहा: मुलाने जे म्हटले, त्याला त्याने गोष्टीतला आधार दिला आहे का?